आत्या, मला उठू देत नाहीत

तीर्थरूप आत्याच्या पायांवर डोकं ठेवून,

पत्रात ‘तुम्ही’ लिहायचं असतं एवढं शाळेतलं लक्षात आहे (बाकी शाळेनं मला लक्षात ठेवलं नाही आणि मी शाळेला), पण तुला तुम्ही म्हटलं की बँकेच्या खिडकीशी उभा असल्यासारखं वाटतं आणि आधीच घाबरलेला माणूस आणखी घाबरतो, म्हणून पुढे तूच म्हणतो. राग मानू नकोस. म्हणजे आधीचा जो मानलेला आहेस तेवढाच पुरे, त्याच्यावर आणखी नको. तुझे गुडघे कसे आहेत? काकांचा खोकला? मागच्या दाराची बिजागरी अजून करकरते का? मी आलो की तेल घालीन म्हणालो होतो, ते आठवलं की इथे झोपेतसुद्धा करकर ऐकू येते. मी इकडे खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खुशाल नाही.

तू माझा फोन उचलत नाहीस. काका उचलतात आणि म्हणतात, ती बाहेर गेली आहे, आणि मागून तुझाच आवाज येतो, “सांगा, बाहेर गेली आहे म्हणून.” शेवटी काकाच म्हणाले, पत्र लिही, कारण कागदावर काही लिहिलेलं असेल तर ते न वाचता टाकायचं तुझ्या जिवावर येतं, औषधाच्या खोक्यातली चिठ्ठीसुद्धा तू शेवटच्या ओळीपर्यंत वाचतेस. हेही तसलंच समज. यातही बहुतेक दुष्परिणामच आहेत.

आत्या, सणाच्या मोठ्या सुट्टीच्या दिवशी काय झालं ते तुझ्या बाजूनं मला माहीत आहे. तू सगळं घर टेबलाशी गोळा केलंस, माझी खुर्ची मांडलीस, माझी ताटली ठेवलीस. मी सकाळी फोनवर सांगितलं होतं की येता येत नाही, मॅच आहे, ड्यूटी आहे, दिवसभर थंडीत उपाशी उभं राहायचं आहे. तू म्हणालीस, “सुट्टीच्या दिवशी लेकराला उपाशी उभं करणाऱ्यांचं कधी भलं होणार नाही.” आणि मग त्या धाकट्यानं (काकांच्या पुतण्यानं, त्याच्याशी मी बोलणार नाही) मॅच बघायला टीव्ही लावला आणि पडद्यावर मी दिसलो. बसलेला. जेवत असलेला. परक्या टेबलाशी, परक्या म्हातारीच्या हातून, चमच्यानं. काका सांगतात की तू माझी ताटली उचललीस, पुसलीस, कपाटात ठेवलीस आणि म्हणालीस, “त्याची खुर्ची भंगारवाल्याला देऊन टाका.”

ती खुर्ची देऊ नकोस. एवढंच मागायला हे पत्र लिहितोय. बाकी जे लिहीन ते असं का झालं त्याचं.

तुला माझं काम नीट माहीत नाही, कारण मी ते नीट सांगितलेलं नाही. मी स्टेडियमवर असतो एवढं ऐकून तू शेजारणीला सांगितलंस की पोरगा रोज फुकट फुटबॉल बघतो. आत्या, मी इथे लागल्यापासून त्या मोठ्या सुट्टीपर्यंत एकसुद्धा गोल पाहिला नव्हता. आमचं काम म्हणजे पिवळं जाकीट घालून जाळीच्या आत, मैदानाकडे पाठ करून उभं राहायचं आणि लोकांकडे बघायचं. कोण चढतोय, कोण काय फेकतोय, कोण कुणाच्या अंगावर जातोय. मान वळवून मैदानाकडे पाहिलं की दंड, पुन्हा पाहिलं की घरी. आमचा सुपरवायझर (त्याला सगळे भोंगा म्हणतात, आवाजावरून, तोंडावर नाही) कुठूनही बघत असतो. मला मॅच कळते ती चेहऱ्यांवरून. तोंडं हळूहळू उघडायला लागली की आपला माणूस बॉल घेऊन पुढे निघाला. हात डोक्यावर गेले की चुकला. सगळे एकदम माझ्या अंगावर आल्यासारखे वाटले की गोल. तो क्षण फार वाईट असतो. हजारो माणसं तुझ्याकडे बघून ओरडतात, आणि ती तुझ्यावर ओरडत नाहीत हे डोक्याला माहीत असतं पण पोटाला माहीत नसतं. मी प्रत्येक गोलला दचकायचो. बाकीचे मला हसायचे.

त्यात मला उभं केलं होतं मागच्या बाजूला. गोलच्या मागच्या पायऱ्या, तिथे खुर्च्या नाहीत, तिथे जुने, कडवे लोक असतात, आजोबांपासून चालत आलेले. त्यांचा म्होरक्या म्हणजे कपाट. तो लिफ्ट दुरुस्त करतो. त्याला कपाट का म्हणतात ते तो दारात उभा राहिला की कळतं, कारण मग दार दिसत नाही. बोलतो कमी. बघतो. त्यानं बघितलं की मला मी कधीतरी काहीतरी चोरलं होतं की काय असं वाटायला लागायचं.

तर या लोकांना मोठ्या सुट्टीच्या थोडंच आधी कळलं की फुटबॉल मंडळानं मॅच नेमकी त्याच दिवशी, नेमकी जेवणाच्या वेळेला ठेवली आहे. मंडळाचं म्हणणं, त्या दिवशी सगळे घरी असतात, म्हणून सगळे टीव्ही बघतील. लोकांचं म्हणणं, सगळे घरी असतात म्हणूनच आम्हाला घरी असू द्या. मंडळाचा अध्यक्ष टीव्हीवर येऊन म्हणाला की खेळ हासुद्धा एक परिवारच आहे, आणि दुसऱ्या दिवशी गेटवर कुणीतरी खडूनं लिहिलं, ‘मग आमच्या सासूला तू घेऊन जा.’ मी चेहरे वाचतो म्हणून सांगतो आत्या, निम्मे लोक खरेच चिडले होते. उरलेले निम्मे बायको शेजारी उभी होती म्हणून चिडले होते.

मागच्या बाजूची बैठक झाली, तीही मैदानाच्या पार्किंगमध्ये, माझ्या डोळ्यांदेखत. एक म्हणाला, कुणीच जायचं नाही, रिकामं स्टेडियम बघू दे त्यांना. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग एक हळूच म्हणाला, “पण आपण नसलो आणि हरले तर?” आणि डोलणाऱ्या माना थांबल्या. कारण या लोकांची अशी पक्की समजूत आहे की मॅच खेळाडू जिंकत नाहीत, ती हे लोक जिंकतात, आपापल्या ठरलेल्या जागी, ठरलेला मफलर घालून, ठरलेल्या माणसाशेजारी उभं राहून. एक जण गैरहजर राहिला की सगळं विस्कटतं. शेवटी कपाट बोलला. म्हणाला, “आपण घरी राहायचं नाही. घर इथे आणायचं.”

आणि आणलं. क्लबनं नाही म्हणायला हवं होतं, पण टीव्हीवर रिकाम्या पायऱ्या दिसतील याची क्लबला माझ्याएवढीच भीती. सुट्टीच्या दिवशी गेट उघडलं आणि टेबलं आत यायला लागली. घडीची टेबलं, स्वयंपाकघरातली टेबलं, एकानं तर इस्त्रीचं टेबल आणलं होतं. टेबलक्लॉथ, सूपची पातेली, म्हाताऱ्या माणसांसाठी पाठीला लावायच्या उश्या, भांडणं, रुसलेल्या आत्या (तू नाहीस, त्यांच्या त्यांच्या), सगळं. जाळी आणि पायऱ्यांच्या मध्ये जी सपाट पट्टी आहे तिथे टेबलं मांडली, म्हणजे माझ्या बरोब्बर समोर, नाकाला वास येईल एवढ्यावर. मी सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं. हे मी तुला फोनवर खरंच सांगितलं होतं.

आता निषेध असा ठरला होता की मॅच सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटं सगळ्यांनी मैदानाकडे पाठ करून जेवायचं. शिट्टी वाजली आणि सगळी बाजू वळली. आत्या, माझं सगळं काम चेहऱ्यांवर, आणि समोर नुसत्या पाठी. पाठीवरून काही कळत नाही. मैदानाकडे मीही बघत नाही, तेही बघत नाहीत, आणि नेमका तेवढ्यात समोरच्या टीमनं गोल केला. तो आमच्या बाजूच्या कुणीच पाहिला नाही. खेळाडूंच्या ओरडण्यावरून कळलं. मग पाठी हळूहळू वळल्या आणि चेहरे दिसले, आणि ते चेहरे बघून मी एक पाऊल मागे सरकलो, कारण बिचारे चिडले होते स्वतःवर, आणि समोर उभा मी.

कपाटाचं टेबल अगदी मधोमध होतं. त्याची बायको (शाळेची बस चालवते, आवाज चढवत नाही, नुसता हॉर्न वाजवल्यासारखं बघते), त्याची आई, आणि एक खुर्ची रिकामी. ती त्यांच्या मुलाची. तो सुट्टीला बायकोच्या माहेरी गेलेला. पण म्हातारीनं हट्टानं त्याची खुर्ची आणली होती, ताटली मांडली होती. (हे वाचून तुला कुणाची आठवण येते ते मला माहीत आहे. मलाही तेव्हा तीच आली.) मागच्या पायऱ्यांवरून कुजबुज सुरू झाली. रिकामी खुर्ची. गोल खाल्ला त्याचं कारण सापडलं. एक म्हणाला, “कपाट, ती खुर्ची उचल नाहीतर भर.” म्हातारी म्हणाली, “उचलायची नाही.” आता राहिलं काय? कपाटानं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं.

मी इकडेतिकडे बघितलं. माझ्या मागे नुसतं मैदान.

म्हातारी एवढीशी आहे आत्या, तुझ्या खांद्याला लागेल. ती म्हणाली, “हा मघापासून थरथरतोय. ए पिवळ्या, जेवलास का?” मी म्हणालो, आजी, ड्यूटी आहे. ती म्हणाली, “ड्यूटी उभ्यानं होते तशी बसूनही होते. दोन घास खा, मग उभा राहा.” मी थंडीनं थरथरत नव्हतो, पण हे कुणाला सांगणार. भोंगा दिसत नव्हता. कपाट दिसत होता. मला वाटलं, नाही म्हणण्यात जास्त धोका आहे. म्हणून मी जाळीचं फाटक उघडून आलो आणि बसलो, अगदी खुर्चीच्या कडेवर, अर्धा. आणि बसल्यावर माझ्या लक्षात आलं की माझं तोंड मैदानाकडे आहे.

आत्या, ते फार हिरवं असतं.

म्हातारीनं माझ्या तोंडात चमचा घातला, बटाट्याचं काहीतरी होतं, आणि मी तोंड मिटलं आणि आपल्या माणसानं गोल मारला. मी पाहिलेला पहिला गोल. मी दचकलो नाही. मीही ओरडलो, बटाट्यासकट. तोच क्षण टीव्हीवाल्यांनी टिपला, आणि तोच तू पाहिलास. त्याच्या आधीचं काही पाहिलं नाहीस आणि नंतरचंही नाही, कारण तू टीव्ही बंद केलास. नंतरचं ऐक.

मी तोंड पुसलं, आभार मानले आणि उठायला लागलो. खांद्यावर हात आला. तो हात मी तुला कसा सांगू, आपल्या दारातलं पायपुसणं ओलं करून खांद्यावर टाकलं तर तेवढा जड. कपाट म्हणाला, “बस.” मी म्हणालो, भोंगा, म्हणजे साहेब ओरडतील. तो म्हणाला, “बस.” मी तरी धीर करून थोडा उठलो, खुर्चीपासून वीतभर, आणि तेवढ्यात समोरच्यांचा बॉल आपल्या गोलच्या खांबाला आपटला. सगळी बाजू हादरली. मी बसलो. बॉल बाहेर गेला. मागून एक म्हातारा अगदी शांतपणे म्हणाला, “सिद्ध झालं.”

तिथून माझे हाल सुरू झाले. पाय हलवायचा नाही. टेकून बसू की पुढे वाकू, यावर मागे दोन पक्ष पडले. जाकिटाची चेन जेवढी उघडी होती तेवढीच उघडी ठेवायची. बसवालीनं माझ्यासमोरचं पाण्याचं भांडं जरा सरकवलं तर सासूनं तिला ते परत जागेवर ठेवायला लावलं. आणि मला लघवीला लागली होती. सकाळपासून उभा, वरून सूप. मी मध्यंतरापर्यंत दात दाबून बसलो आणि मग म्हातारीच्या कानात सांगितलं. तिनं मुलाला सांगितलं. मुलानं विचार केला. कपाट विचार करतो तेव्हा भीती वाटते, लिफ्ट मजल्यांच्या मध्ये थांबल्यासारखी. मग त्यानं आणखी काही जणांना बोलावलं आणि त्यांनी मला खुर्चीसकट उचललं. पाय जमिनीला लागू द्यायचे नाहीत असं ठरलं. मुतारीपुढची रांग आपोआप बाजूला झाली. लोक टोप्या काढत होते, जशी माझी अंत्ययात्राच चालली आहे. दारापाशी प्रश्न आला की आता पुढे कसं, कारण खुर्ची दारातून जाईना. शेवटी मला माझ्या पायांवर जाऊ दिलं, पण कपाट बाहेर खुर्ची धरून उभा, आणि म्हणाला, “मॅच थांबलेली आहे, म्हणून.” आत मला काही होईना आत्या. बाहेर तो उभा आहे हे माहीत असताना कुणाला होईल?

मध्यंतरानंतर भोंगा आला. मला वाटलं, सुटलो. नोकरी गेली तरी चालेल पण सुटलो. तो लांबूनच ओरडत आला, “तू कुणाच्या परवानगीनं बसलास रे? उठ. आत्ताच्या आत्ता उठ.” मागची बाजू गायला लागली, बसू दे, बसू दे, एवढंच, पण हजार तोंडांनी. भोंग्यानं माझ्या दंडाला धरलं आणि ओढलं, आणि मी खरंच उठत होतो, देवाशपथ, तेवढ्यात शिट्टी वाजली आणि रेफरीनं समोरच्यांना पेनल्टी दिली. म्हणजे गोलकीपर एकटा आणि समोर बॉल घेऊन एक माणूस. भोंग्यानं मैदानाकडे पाहिलं. ज्याबद्दल आम्हाला दंड करतो तेच. मग त्यानं माझा दंड सोडला, आणि आपला हात माझ्या दुसऱ्या खांद्यावर ठेवून मला खाली दाबलं. वाकून कानात म्हणाला, “उठलास तर बघ.” गोलकीपरनं बॉल अडवला. भोंगा शेवटपर्यंत तिथेच, हात न उचलता. तो डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होता. माझाच एकट्याचा जीव मुठीत नव्हता हे बघून बरं वाटलं, थोडंच.

आणखी एक गोल करून आम्ही जिंकलो. (मी ‘आम्ही’ लिहिलं. राहू दे, खोडलं की कागद घाण दिसतो.)

तर आत्या, तेव्हापासून मी दर मॅचला त्या खुर्चीत असतो. भोंग्यानं माझी ड्यूटीच तशी लावून दिली, जाकीट घालून बसायचं. कपाटाचा मुलगा माहेराहून, म्हणजे बायकोच्या माहेराहून, परत आला, त्याला उभं राहायला सांगितलं. तो माझ्याकडे ज्या नजरेनं बघतो ती वेगळी भीती आहे, तिला वेगळा कागद लागेल. आणि आम्ही जिंकत चाललोय. जेवढं जिंकतो तेवढा मी घाबरतो, कारण जिंकलं तर खुर्चीमुळे, आणि हरलं तर? लोक मला रस्त्यात ओळखतात. खांद्याला हात लावून जातात. बेकरीवाला मला एकाच प्रकारचा पाव देतो, दुसरा मागितला तर ऐकू न आल्यासारखं करतो. न्हाव्याकडे गेलो तर त्यानं वस्तरा खाली ठेवला आणि म्हणाला, “सीझन संपू दे.” मी आता असा दिसतो की तू दार उघडून परत लावशील.

मध्ये एक मॅच बरोबरीत सुटली. जिंकत होतो आणि अगदी शेवटी गोल बसला. मी शपथेवर सांगतो, मी हललो नव्हतो. श्वाससुद्धा बेतानं घेत होतो. पण मॅच संपल्यावर कुणी घरी गेलं नाही. पार्किंगमध्ये मला मध्ये उभं केलं आणि चौकशी झाली. मोजे बदललेस का. सकाळी काय खाल्लंस. कुणाशी भांडलास का. मी घामानं भिजलो. कपाट शेवटी म्हणाला, “हा नव्हे. कुणीतरी दुसरं उठलं असणार.” आणि तो अजून शोधतोय. पायऱ्यांवरच्या एकेका माणसाच्या घरी जाऊन विचारतोय. सापडला नाही. जे कुणी उठलं असेल त्याचं कसं होणार या विचारानं मला झोप लागत नाही.

आता खरं संकट. अंतिम सामना आहे, आमच्याच मैदानावर, आणि मंडळानं तो ठेवला आहे धाकट्या सुट्टीच्या दिवशी. तुझ्या सुट्टीच्या, ज्या दिवशी तू सगळ्यांना पुन्हा बोलावतेस आणि कोण आलं नाही ते वर्षभर लक्षात ठेवतेस. लोक पुन्हा चिडले, अध्यक्ष पुन्हा परिवार म्हणाला, टेबलं पुन्हा पुसून ठेवली. मी या वेळी कबूल केलं होतं की येईन, आणि मी कबूल करताना खोटं बोललो नव्हतो. मी कपाटाला जाऊन सांगितलं, घरी जायचं आहे, आत्या वाट बघते. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “तुझी आत्या समजूतदार असेल.” मी म्हणालो, नाही. तो बघत राहिला. मी म्हणालो, थोडी असेल. तिथेच माझी बोबडी वळली आणि विषय संपला.

तुला आठवतं, मी कुठे एका जागी बसणारा माणूस नव्हतो. बाकावर बसलो नाही म्हणून शाळा सुटली, स्टुलावर बसलो नाही म्हणून घड्याळाच्या दुकानातून काढलं, काका म्हणायचे याच्या बुडाला चाकं आहेत. आणि तू दार अडवून म्हणायचीस, “अरे, कधीतरी एका जागी बस.” बसलोय आत्या. आता उठू देत नाहीत. एका बाजूला कपाट आणि एका बाजूला तू, आणि खरं सांगायचं तर दोघांत कुणाला जास्त भितो ते मी अजून ठरवलेलं नाही, पण रात्री स्वप्नात तूच येतेस.

काकांना नमस्कार. धाकट्याला काही नाही. मोठ्यांना नमस्कार आणि लहानांना आशीर्वाद सांग, आणि जे मधले आहेत त्यांना सांग की मी जिवंत आहे.

तुझा, खुर्ची असो वा नसो,
भाचा

ता. क. एक उपाय सुचला आहे म्हणून पाकीट परत उघडलं. कपाट जगात एकाच माणसाला भितो, आईला. आणि म्हातारी म्हणते की बाईमाणसाचा शब्द बाईमाणसानं मोडू नये. तर तू तिला चार ओळी लिही, की हे पोर आमचं आहे, सुट्टीला परत पाठवा. ती वाचून दाखवील आणि तो मला सोडील. फक्त बटाट्याबद्दल काही टोचून लिहू नकोस. ती बाई चांगली आहे. मला वाढताना ती दर वेळी विचारते की तुझी आत्या यात काय घालते, आणि मी सांगितलं की ती लगेच तसं करून बघते. अजून जमलेलं नाही. मी तिला तसं म्हणालेलो नाही, तुला म्हणतोय.

ता. क. दुसरा. वरचा ता. क. रद्द समज, म्हातारीला काही लिहू नकोस. आत्ताच काकांचा फोन आला होता (तू खरंच बाहेर गेली होतीस म्हणे). त्यांनी सगळं सांगितलं. खुर्ची भंगारवाल्याकडे गेलेली नाही. तू दर मॅचला टीव्हीचा आवाज बंद करून बसतेस, मी दिसतो का ते बघायला, आणि बसतेस ती माझ्याच खुर्चीत. पुतण्यानं एकदा तिच्यावर पाय ठेवला तर त्याला तू जेवायला वाढलं नाहीस. (त्याच्याशी मी बोलेन.) हे ऐकून मला रडू येत होतं, पण काका पुढे बोलत होते, की बरोबरीत सुटलेल्या त्या मॅचला अगदी शेवटी तू उठलीस, दूध उतू जात होतं म्हणून, आणि परत आलीस तर गोल झालेला होता.

आत्या, मी हे कपाटाला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही, मारलं तरी. तो अजून एकेक दार वाजवत हिंडतोय, आणि तुझ्या दारात तो उभा राहिलेला मला डोळ्यांसमोर दिसतो, आणि समोर तू, आणि त्याच्यासाठी मला जास्त भीती वाटते.

धाकट्या सुट्टीला मी शेवटची शिट्टी वाजली की तसाच जाकिटात निघेन, जेवण झाकून ठेव, उशीर होईल. पण तोवर तू एवढं कर. दूध आधीच तापवून उतरव. दाराची बेल वाजली तर काकांना जाऊ दे. खोकला आला तर त्यांना बाहेर पाठव. आणि माझी खुर्ची रिकामी ठेवू नकोस, रिकामी खुर्ची फार वाईट. तिच्यातच बस, आणि काही झालं तरी उठू नकोस.